पाण्याचा थेंब टाकून बघा

एकाने विचारलंय की दोन्ही फोनचे पडदे साडेसहा इंची, तरी एकावर मराठी जोडाक्षरं कडेने फुटल्यासारखी का दिसतात. खोक्यावरचा आकडा वाचा. एचडी प्लस म्हणजे आडवे ७२० गुणिले उभे १६०० पिक्सेल (पडद्यावरचे बारीक ठिपके), फुल एचडी प्लस म्हणजे १०८० गुणिले २४००. साडेसहा इंचांत पहिल्याचे इंचाला साधारण २७० पिक्सेल बसतात, दुसऱ्याचे ४०५. २०१० च्या आयफोन ४ मध्ये ३२६ होते आणि दहा-बारा इंचांवरून ठिपके दिसत नाहीत, असा अ‍ॅपलचा दावा होता. त्यामुळे चारशेच्या पुढे उगाच पैसे घालू नका, असं माझं मत.

पण आकडाही पुरता खरा नसतो. पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब टाका, भिंगाचं काम करतो. एलसीडी प्रकारच्या पडद्यावर प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवी, निळी अशा तीन रेघा दिसतील. बऱ्याच अमोलेड प्रकारच्या पडद्यांवर मात्र लाल आणि निळे ठिपके हिरव्यांच्या निम्मेच असतात, म्हणजे तिन्ही रंगांचे पुरे पिक्सेल खोक्यावरच्या आकड्याइतके नसतातच. (थेंब लगेच पुसा, चार्जिंगच्या भोकात गेला तर मला बोलू नका.)

आणि ४८ मेगापिक्सेलच्या (म्हणजे ४ कोटी ८० लाख पिक्सेलच्या) फोटोतले सगळे बारकावे पडद्यावर दिसत नाहीत म्हणून कॅमेऱ्याला शिव्या देणाऱ्यांसाठी: फुल एचडी प्लस पडद्यावर पिक्सेलच जेमतेम २६ लाख. भाचीच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तर मुहूर्ताची वेळ वाचता येईना. दोष पडद्याचा नव्हताच, पाठवताना फोटो दाबून लहान केला गेला होता. डॉक्युमेंट म्हणून मागवली, मग ११ वाजून १७ मिनिटं स्वच्छ दिसलं.