मदत हवी आहे: चायना ग्रासचं माध्यम घट्टच होत नाही

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नववीला 'उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव' हा धडा आहे. मुलांना लॅक्टोबॅसिलाय, रायझोबियम ही जिवाणूंची नावं तोंडपाठ असतात, पण त्यातलं काहीच डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. हे मला फार खुपतं. शोभेच्या माशांच्या दुकानात मिथिलीन ब्लू मिळालं, त्याने ताकाचा थेंब रंगवून सूक्ष्मदर्शीखाली दाखवला. निळ्या कांड्या दिसल्यावर वर्गात जो गलका झाला, त्यानंतर तिथेच थांबणं शक्य नव्हतं. आता यीस्ट आणि बुरशी वाढवून दाखवायची आहे.

प्रयोगशाळेतलं अगर, म्हणजे जंतू वाढवायचं माध्यम जेलीसारखं घट्ट करणारा समुद्री शेवाळाचा पदार्थ, परवडत नाही, म्हणून किराणा दुकानातलं चायना ग्रास आणलं, तेही अगरच. २०० ग्रॅम बटाटे उकळून गाळले, ते पाणी १ लिटर केलं, त्यात २० ग्रॅम ग्लुकोज आणि २० ग्रॅम चायना ग्रास घातलं. जिवाणूंची गर्दी होऊ नये म्हणून लिंबू पिळलं आणि मग कुकरला लावलं. रात्रभर ठेवूनही ते पेजेसारखं पातळच राहतं.

चायना ग्रास भेसळीचं असेल का? त्याऐवजी जिलेटिन चालेल का? प्लास्टिकच्या पेट्री डिश (जंतू वाढवायच्या झाकणाच्या उथळ बश्या) कुकरमध्ये वितळतात, काचेच्या महाग आहेत, तर दुसरं काय वापरता येईल? आणि मुलांना घशातला, दातांवरचा नमुना घ्यायचा आहे. मी नाही म्हटलंय, पण त्यांना पटेल असं कारण हवं आहे.

प्रतिसाद १

ताई, चायना ग्रास ठीक असावं, घोळ लिंबाचा आहे. आम्लात अगर उकळलं की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि मग ते जमत नाही. प्रमाण तुम्ही बरोबर घेतलंय. फक्त आंबटपणा कुकरनंतर आणायचा. मिश्रण कोमट होऊ द्या, बाटली गालाला लावली तर सोसवेल इतपत, म्हणजे साधारण ४५ ते ५० अंश. तेव्हा उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्त्व थोडं घाला, ढवळा आणि लगेच ओता. ४० अंशांच्या खाली ते जमायला लागतं. आंबट केलेलं माध्यम पुन्हा तापवू नका.

जिलेटिनच्या वाटेला जाऊ नका. ते तिशीच्या आतबाहेर वितळतं, तुमच्याकडे मार्चपासूनच त्याचं पाणी होईल. शिवाय काही जिवाणू ते खाऊन पातळ करतात. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेलाही हीच अडचण होती. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेस यांच्या पत्नी फॅनी स्वयंपाकात अगर वापरायच्या. १८८१च्या सुमारास त्यांनीच ते सुचवलं. पेट्रींची बशी आली १८८७मध्ये, म्हणजे अगर आधी स्वयंपाकघरातून आलं आणि बशी नंतर!

प्रतिसाद २

डिशऐवजी जॅमच्या रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या घ्या. बोटभर माध्यम ओता आणि बाटली आडवी ठेवून जमू द्या. वाढ बाहेरूनच दिसते, उघडायची गरज पडत नाही. कुकरमध्ये पाणी पुरेसं ठेवा, पहिल्या शिटीनंतर आच मंद करून २० मिनिटं. १५ पौंड दाबाला आत १२१ अंश तापमान असतं, टिकाव धरणारे बीजाणू त्यानेच मरतात. नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. नमुना माध्यमावर रेषा ओढत पसरवायला विजेच्या शेगडीच्या जुन्या कॉईलचा तुकडा सरळ करून टोकाला कडी करा. ती निक्रोमची तार असते, स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत तापवता येते.

घशाच्या नमुन्याबाबत ठाम राहा. शरीरावर एखादा रोगजंतू मोजका असतो, तिथे त्याला आवरणारी प्रतिकारशक्तीही असते. बाटलीत त्याचे कोट्यवधी होतात आणि अडवणारं कोणी नसतं. परदेशातल्या शाळांना सहसा शरीराच्या तापमानापेक्षा बरंच कमी ठेवायला सांगतात, आपल्याकडे वर्गाचंच तापमान ३७च्या वर जातं. त्यामुळे आपल्याला जास्त सांभाळायला हवं. यीस्ट, इडलीचं पीठ, दही, मेथीच्या मुळांवरच्या गाठी एवढ्यात वर्षभराचं काम आहे. वाढ दिसल्यावर बाटली उघडायची नाही, टाकण्याआधी पुन्हा २० मिनिटं कुकरमध्ये. आणि तो कुकर परत स्वयंपाकाला वापरायचा नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! लिंबाचं कारण मुलांसमोरच करून दाखवते, एक बाटली आधी आंबट केलेली, एक नंतर. एक शंका राहिली: जॅमच्या झाकणांचं आतलं अस्तर कुकरमध्ये सुटतं. मग तोंड कशाने बंद करू?

प्रतिसाद २

कापसाचा घट्ट बोळा, वर ब्राऊन पेपर, त्यावर दोरा. मात्र औषधांच्या दुकानातला पांढराशुभ्र कापूस नको, तो वाफेने भिजतो आणि ओल्या बोळ्यातून जंतू आत शिरतात. सरकी काढलेला कच्चा कापूस घ्या. त्यावर नैसर्गिक मेण असतं, पाणी धरत नाही. यवतमाळात तो कुठल्याही जिनिंगमध्ये मूठभर मागितलात तरी मिळेल.