वॉटर सोर्स हीट पंप रोज पहाटे एलपीवर (लो प्रेशर, गॅसचा दाब कमी पडून) ट्रिप होतोय, गॅस तीनदा भरून झाला

नाशिकचा_प्लांटवाला:
नमस्कार मंडळी. नाशिकला ४२ खोल्यांच्या हॉटेलात मेंटेनन्स बघतो. गरम पाण्याला ६० किलोवॅटचा वॉटर सोर्स हीट पंप आहे, गॅस आर-१३४ए, सोर्स म्हणजे एसीच्या चिल्ड वॉटरची रिटर्न लाइन, तिकडची उष्णता ओढून इकडे ५,००० लिटरच्या टाकीत ६० डिग्रीचं पाणी. उन्हाळाभर कुरकुर नाही. डिसेंबर लागला आणि रोज पहाटे चार-साडेचारला एलपी ट्रिप, रिसेट मारला की वीस मिनिटं चालतो की परत ट्रिप, सहाला गेस्ट फ्रंट ऑफिसला फोन लावतात आणि तिथून माझा उद्धार सुरू. सर्व्हिसवाला तीनदा येऊन गेला, दर वेळी गेज लावतो, सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) कमी दिसलं की 'गॅस कमी आहे' म्हणून भरतो आणि बिल ठेवतो. एकदा दोन दिवस बरं चाललं, मग परत तेच. लीक कुठेच सापडत नाही. काय बघू?

फिटर_अण्णा:
फ्लो स्विच (पाणी वाहतंय का बघणारा) नाटक करत असेल, वायर काढून शॉर्ट करून बघा, आमच्याकडे तसंच चालवलं होतं महिनाभर.

पुणे_एचव्हीएसी:
अण्णा, रागावू नका पण हा सल्ला कुणी मनावर घेऊ नये. एक तर त्यांचा ट्रिप एलपीचा आहे, फ्लो स्विचचा नाही. आणि दुसरं, पीएचईमध्ये (प्लेट हीट एक्स्चेंजर, जिथे पाणी आणि गॅस पातळ प्लेटच्या दोन बाजूंनी वाहतात) पाणी थांबलं आणि कॉम्प्रेसर चालू राहिला तर आतलं पाणी गोठतं, प्लेट फुटते, पाणी गॅसच्या सर्किटमध्ये शिरतं आणि मग कॉम्प्रेसरसकट सगळं भंगारात. एका साइटवर स्वतः उघडून पाहिलंय, कॉम्प्रेसरचं तेल अगदी दुधाळ चहासारखं झालं होतं.

नाशिककर, आता तुमचं. सक्शन कमी म्हणजे गॅस कमी हे निम्म्या वेळा खोटं असतं. सक्शन तेव्हाही पडतं जेव्हा सोर्सकडून उष्णताच कमी येते. म्हणून गेजच्या आधी थर्मामीटर. उद्या पहाटे ट्रिप व्हायच्या आधी एवढं लिहून काढा: सोर्सचं पाणी आत किती, बाहेर किती, सक्शन, डिस्चार्ज (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब), सुपरहीट (उकळून झाल्यावर गॅस अजून किती डिग्री तापला), सबकूलिंग (द्रव झाल्यावर अजून किती डिग्री गार झाला). सोर्सच्या आत-बाहेरचा फरक मोठा दिसला तर पाणी कमी वाहतंय. फरक लहान आणि तरी सक्शन पडलेलं असेल तर प्लेटवर घाण किंवा खरंच गॅस कमी, आणि त्या दोघांत निवाडा सुपरहीट करतं: गॅस कमी असेल तर सुपरहीट वर चढतं, सबकूलिंग जवळपास शून्यावर येतं, साइट ग्लासमध्ये (लाइनवरची काचेची खिडकी) बुडबुडे.

आणि रात्री हॉटेलात एसी किती चालतात हो डिसेंबरमध्ये?

नाशिकचा_प्लांटवाला:
आज चार वाजता थंडीत कुडकुडत घेतलं. सोर्स आत १०.५, बाहेर ३.५. सक्शन २६ पीएसआय, एलपी कट २५ ला आहे. सुपरहीट ६. डिस्चार्ज २७५, तेव्हा गरम पाणी ५८ होतं. सबकूलिंग १४. एसी रात्री जवळपास बंदच. हां, ते दोन दिवस बरं चाललं तेव्हा बँक्वेटला लग्न होतं, हॉलचे एएचयू (चिल्ड वॉटरवर हवा गार करून फेकणारी युनिटं) उशिरापर्यंत चालू होते, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

पुणे_एचव्हीएसी:
लग्नानेच उत्तर दिलं की तुम्हाला, एसी चालले की सोर्सला उष्णता मिळते! २६ पीएसआय म्हणजे आर-१३४ए शून्याच्याही किंचित खाली उकळतोय. सुपरहीट ६ म्हणजे गॅस कमी अजिबात नाही, उलट जास्त झालाय, ५८ च्या पाण्याला डिस्चार्ज २४५ च्या आसपास पुरे होता, त्यात सबकूलिंग १४. तिसऱ्यांदा भरलेलं सगळं कंडेन्सरमध्ये (गरम बाजूला, जिथे गॅसचा द्रव होतो) साठून बसलंय.

आता हिशोब. लिटर प्रति तास गुणिले डिग्रीचा फरक म्हणजे ताशी किलोकॅलरी. ६० किलोवॅटमधले २० कॉम्प्रेसरचे धरले तर सोर्सकडून ४० यायला हवेत, म्हणजे ताशी साधारण ३४,४०० किलोकॅलरी, ५ डिग्रीच्या फरकाला ताशी ६,९०० लिटर लागतात. तुमचा फरक ७ आलाय आणि सक्शन पडल्यामुळे क्षमताही थोडी उतरली असणार, म्हणजे फ्लो साडेचार हजारच्या आसपास. चिल्ड वॉटरच्या पंपाला व्हीएफडी (पंपाचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) आहे का? रात्री एएचयूचे टू-वे व्हॉल्व्ह बंद झाले की तो पंप स्वतःच झोपतो. आणि स्ट्रेनर (लाइनमधली गाळणी) शेवटचा कधी उघडला ते खरं सांगा.

दुबईकर_सोलापूरचा:
स्ट्रेनर म्हणजे घरचा केर, रोज बघायचा नाही म्हणून कुणी बघत नाही. स्ट्रेनरच्या आधी-नंतर आणि पीएचईच्या आधी-नंतर प्रेशर गेज लावून घ्या, मशीन नवीन असतानाचा प्रेशर ड्रॉप दारावर मार्करने लिहून ठेवा, मग चोकअप होतंय का ते नुसतं बघून कळतं. आणि पहाटे चालवताच कशाला? नाशिकला दुपारी बऱ्यापैकी ऊन असतं, किचन, ऑफिसचे एसी चालू असतात, तेव्हाच टाकी भरून ठेवा. टाकीचं इन्सुलेशन धड असेल तर सकाळपर्यंत काही डिग्रीच जातील.

नाशिकचा_प्लांटवाला:
सगळ्यांचे आभार, पाच दिवसांनी लिहितोय. स्ट्रेनर उघडला तर पाइपच्या गंजाचे पापुद्रे आणि टेफ्लॉन टेपचा अख्खा गोळा निघाला, लाज वाटली. व्हीएफडी रात्री ३० हर्ट्झवर जात होता, किमान ४२ करून घेतला. दुसऱ्या माणसाकडून सगळा गॅस रिकव्हर करून वजन केलं, नेमप्लेटवर ९ किलो, निघाला ११.४. वजन करूनच परत भरला. आता हीट पंप दुपारी ३ ते रात्री ९, पहाटे कमी पडलं तर टाकीतला इलेक्ट्रिक हीटर. काल आत ११.५, बाहेर ६.७, सक्शन ३१, ट्रिप नाही. एकच शंका, गरम बाजूला बोअरचं पाणी जातं, तिकडे क्षार धरत असतील ना?

पुणे_एचव्हीएसी:
धरणारच, कॅल्शियम कार्बोनेट तापलेल्या पाण्यातच जास्त बसतं, म्हणून तुमच्या मशीनला गरम बाजूला क्षार आणि त्यावर एचपी (हाय प्रेशर) ट्रिप, गार बाजूला कचरा आणि एलपी ट्रिप. गरम पाणी आणि कंडेन्सिंग तापमान यातला फरक दर महिन्याला लिहा, वाढत चालला की सल्फॅमिक किंवा सायट्रिक अ‍ॅसिड उलट्या दिशेने फिरवा, नंतर सोड्याचं पाणी, मग भरपूर साधं पाणी. एचसीएल (हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड) मात्र नको, त्यातल्या क्लोराइडने स्टेनलेसच्या प्लेटला भोकं पडतात. सॉफ्टनर (पाण्यातला जडपणा काढणारं युनिट) बसवलात तर हे काम निम्मं होईल.

फिटर_अण्णा:
बरं बाबा, आमचा फ्लो स्विच आज परत जोडला.

नाशिकचा_प्लांटवाला:
😄 सॉफ्टनरचं मालकांना सांगितलं, ते म्हणाले आधी गॅसच्या तीन बिलांचं काय करतोस ते सांग.