रोज सूज उतरवणारी गोळी घेतली तर?

मेंदूतल्या दाहामुळे (सुजेमुळे) अल्झायमर वाढतो, मग सूज उतरवणारी गोळी रोज का घेऊ नये, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. तर्क सरळ आहे, पण चाचणीत टिकला नाही. अमेरिकेत वयस्कर लोकांना नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या सूज उतरवणाऱ्या गोळ्या देऊन पाहिल्या, अल्झायमर काही टळला नाही. पोट, किडनी, हृदयाला धोका आहे तो वेगळाच.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी. त्या नुसती दाहाची आग लावत नाहीत, अमायलॉइड या अल्झायमरमध्ये साचणाऱ्या प्रथिनाचा कचराही त्याच उचलतात. २०१३ मध्ये ट्रेम-२ जनुकातला एक बदल सापडला. त्याने ही साफसफाई ढिली पडते आणि अल्झायमरचा धोका वाढतो. म्हणजे प्रतिकार कमी पडला तरी पंचाईत, अति झाला तरी.

आमच्या अण्णांची हयात सोलापुरात यंत्रमागावर चादरी विणण्यात गेली. विसराळूपणा होताच. पण यंदा गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत अचानक मला ओळखेनात, "पाळीला उशीर होतोय" म्हणत मध्यरात्री चप्पल शोधायला लागले. निघालं काय, तर लघवीचं इन्फेक्शन! शरीरातला दाह रक्तावाटे मेंदूपर्यंत खबर पोचवतो आणि तिथल्या आधीच चवताळलेल्या मायक्रोग्लिया आणखी भडकतात. अँटिबायोटिकने सावरले, पूर्वीइतके नाहीत. एक-दोन दिवसांत असा बदल दिसला तर आधी लघवी-रक्त तपासून घ्या. आम्ही "वय झालं" म्हणत चार दिवस घालवले.