चर्चा: आधी डिस्क ठरवायची की आधी कॅलिपर?

टॉर्करेंच
पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया हौसेने सांभाळणारे अजून आहेत. पुढचे ब्रेक वाढवायचे म्हटलं की पहिली खरेदी लाल रंगाच्या चार पिस्टनच्या कॅलिपरची (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) होते. माझं मत उलट आहे: आधी डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) ठरवा.

या गाडीला इंजिनानुसार पुढे २५६×२२, २८०×२२, २८८×२५ आणि आरएसला (वेगवान आवृत्ती) ३१२×२५ अशा डिस्क होत्या (व्यास×जाडी, मिमी). २८० आणि २८८ मध्ये फरक जेमतेम ८ मिमी, म्हणून "चालून जाईल" म्हणत २८८ चे कॅलिपर आणि पॅड २८० च्या डिस्कवर चढवतात. मग पॅडची ४ मिमी पट्टी डिस्कच्या कडेबाहेर राहते. ती झिजत नाही. पॅड संपत आले की दोन्हीकडच्या पट्ट्या एकमेकींना टेकू शकतात, आणि मग पेडल दाबूनही पकड कमीच.

जाडीचं त्याहून वाईट. ३१२×२५ ची किमान जाडी २२ च्या आसपास असते (कडेवर कोरलेला आकडा पाहा). म्हणजे २५ च्या कॅलिपरमध्ये २२ ची कोरी डिस्क घातली तर ती पहिल्या दिवसापासूनच संपलेली. ती झिजली आणि पॅडही झिजले की पिस्टन ठरलेल्या मर्यादेपलीकडे बाहेर येतो. सीलमधून गळती तिथेच सुरू होते.

घाटरस्ता
मापं बरोबर, निष्कर्ष चूक. डिस्क झिजणारी वस्तू आहे, व्यास ठरवतो तो ब्रॅकेट (कॅलिपर धरणारी चौकट). २८८ आणि ३१२ ला मूळ कॅलिपर एकच, फक्त ब्रॅकेट वेगळा. त्यामुळे २८८ वाल्याने ३१२ चा ब्रॅकेट, डिस्क आणि पॅड घेतले की काम झालं. त्याहीआधी चाक बघा. ३१२ ला १६ इंची रिम लागते, १५ मध्ये ती बसत नाही. खरी सुरुवात रिमपासूनच होते.

पास्कलचा_चेला
दोघेही हायड्रॉलिक्स विसरलात. "चार पिस्टन म्हणजे दुप्पट जोर" हा बाजारातला सगळ्यात महाग गैरसमज आहे. सरकत्या कॅलिपरचा (पिस्टन एकाच बाजूला, कॅलिपर स्वतः सरकतो) एक ५४ मिमी पिस्टन म्हणजे २२९० चौ. मिमी. स्थिर कॅलिपरची (दोन्ही बाजूंना पिस्टन, कॅलिपर सरकत नाही) तुलना करताना एकाच बाजूचे पिस्टन मोजायचे. ३६ आणि ४० ची जोडी २२७५ भरते, म्हणजे जोर जिथल्या तिथे. ३८ आणि ४४ ची जोडी २६५५, म्हणजे १६ टक्के जास्त. पण मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ब्रेक तेल ढकलणारा) तोच असेल तर पेडलही खोल जाणार.

त्यात २८० वरून ३१२ केल्यावर पॅडच्या मध्याची त्रिज्या साधारण ११७ वरून १३३ होते, म्हणजे आणखी १४ टक्के. दोन्ही गुणा: पुढे ३२ टक्के वाढ, मागे शून्य. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं आधी अडकू लागतात, एबीएस (चाकं अडकू न देणारी यंत्रणा) लवकर जागा होतो, आणि गाडी थांबायचं अंतर कमी होईलच असं नाही. म्हणून ३६–४० ची जोडी घ्या, नाहीतर मागचे ब्रेकही वाढवा.

टॉर्करेंच
आकडे मान्य. पण मोठी डिस्क जोरासाठी नाहीच, उष्णतेसाठी आहे. वजनदार, हवा खेळणारी डिस्क खंबाटकी घाट उतरताना उशिरा तापते. पिस्टन बदलून ते मिळत नाही.

बोळ्यातला_मेकॅनिक
खंबाटकी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, अर्धा खर्च वाचेल. रोज पुणे–सातारा करणाऱ्याला मूळ मापाची चांगली डिस्क, दर्जेदार पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक तेल पुरे. पेडल मऊ पडण्यामागे अनेकदा ओलावा धरलेलं तेलच असतं: नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओलावा शिरल्यावरची किमान मर्यादा १५५.

घाटरस्ता
हे ज्याला पुरतं त्याने हा धागा वाचूच नये :) बाकीच्यांनी स्थिर कॅलिपर घेताना डिस्क त्याच्या बरोबर मध्ये आणणं विसरू नका. सरकता कॅलिपर थोडं मागेपुढे सांभाळून घेतो. स्थिर कॅलिपरच्या दोन्ही बाजूंचं डिस्कपासूनचं अंतर सारखं नसेल तर एकीकडचं पॅड आधी संपतं. अंतर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा आणि किटमधल्याच शिमने (पातळ चकती) जुळवा. गल्लीतले वॉशर घालू नका.

पास्कलचा_चेला
त्यासोबत हेही: हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग) गंज घासून काढा, डिस्क सर्व बोल्टनी आवळा, मग डायल गेजने (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं यंत्र) डिस्कची डगमग पाहा. ०.०५ मिमीच्या वर असेल तर डिस्क एक भोक फिरवून पुन्हा मोजा. डिस्कवर मार्कर फासा, चाक फिरवत हलका ब्रेक दाबा. पुसलेला पट्टा बाहेरच्या कडेपासून १–२ मिमी आत संपला तर व्यास जुळला. पट्टा कडेपर्यंत पोहोचला तर पॅड बाहेर लोंबतंय का ते बघा.

बोळ्यातला_मेकॅनिक
आणि रिम चढवल्यावर कॅलिपर व रिममध्ये किमान ३ मिमी जागा आहे का, तेही तपासा. बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं धरून मोजा, बहुतेक वेळा घासतात ती तीच.