मेटॅलिका: डेमो टेपपासून अल्बमपर्यंत, कोणत्या क्रमाने ऐकू? सल्ला हवा आहे

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. मी तबला शिकलेला माणूस, रॉककडे जरा उशिरा वळलो. मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा 'ब्लॅक अल्बम' (१९९१) आता जवळजवळ पाठ झालाय आणि मला मागे जायचंय, अगदी पहिल्या टेपपर्यंत. सुरुवातीचे डेमो (अल्बमआधीची कच्ची रेकॉर्डिंग) खरंच ऐकण्यासारखे आहेत का, की फक्त संग्रह करणाऱ्यांसाठी असतात? अल्बम कोणत्या क्रमाने घ्यावेत? आणि ते महागडे बॉक्स सेट (जुन्या अल्बमाबरोबर डेमो, मैफली वगैरे देणारे संच) घेण्यात अर्थ आहे का? गाण्याच्या शब्दांपेक्षा वादन कसं घडत गेलं हे समजून घ्यायचंय. जाणकारांनी सांगावं.

दुगुन
डेमो जरूर ऐका, फक्त सुटा ऐकू नका. तेच गाणं अल्बमवर कसं आलंय ते त्याच बैठकीत ऐका. माझा सगळा सल्ला एवढाच आहे, पण तो नीट सांगतो.

'नो लाइफ टिल लेदर' हा डेमो जुलै १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात रेकॉर्ड झाला. सात गाणी. गिटार आणि गायन जेम्स हेटफिल्ड, ड्रम लार्स उलरिक, बास रॉन मॅकगव्हनी आणि लीड गिटारवर डेव मस्टेन. पुढे ज्याने मेगाडेथ हा स्वतःचा बँड काढला तोच हा मस्टेन. ही टेप चाहत्यांनी एकमेकांना कॉपी करून, टपालाने पाठवून जगभर पोचवली. रेकॉर्ड कंपनी पाठीशी नसताना बँडचं नाव झालं ते या कॅसेटींच्या देवाणघेवाणीमुळे. २०१५ मध्ये तिची मर्यादित संख्येत अधिकृत कॅसेटही निघाली.

वर्षभरात दोन बदल झाले. बासवर क्लिफ बर्टन आला, आणि एप्रिल १९८३ मध्ये मस्टेनला काढून कर्क हॅमेटला घेतलं. मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये पहिला अल्बम 'किल एम ऑल' रेकॉर्ड झाला आणि जुलैत बाहेर आला. डेमोतली सातही गाणी त्यात आहेत.

तुमच्यासाठी पहिला अभ्यास हा. डेमोतलं 'द मेकॅनिक्स' घ्या. मस्टेनचं गाणं, साधारण साडेचार मिनिटांचं, सरळ धावणारं. मग अल्बमवरचं 'द फोर हॉर्समेन' लावा. तीच मुख्य रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून), पण शब्द वेगळे, वेग कमी आणि मधोमध एक संथ, सुरेल भाग घातलेला. गाणं थेट सव्वासात मिनिटांपर्यंत गेलंय. त्यानंतर मेगाडेथच्या १९८५ च्या पहिल्या अल्बमवरचं 'मेकॅनिक्स' ऐका. तिथे मस्टेनने स्वतःचं गाणं परत घेतलंय आणि डेमोपेक्षाही जोरात पळवलंय. एका रिफचे असे तीन जन्म ऐकले की रचना म्हणजे काय ते आपोआप कळतं. सोलोही (गिटारचे एकल वादनाचे तुकडे) तपासा. मस्टेनच्या सोलोंची सुरुवात ठेवून कर्क पुढे आपल्या वाटेने गेलेला अनेक ठिकाणी स्पष्ट ऐकू येतो.

मंद्रसप्तक
दुगुन यांच्याशी सहमत. भर एकच: 'किल एम ऑल'वरचा बर्टनचा बास सोलो चुकवू नका. सुरुवातीला 'बास सोलो, टेक वन' अशी घोषणा ऐकू येते. डिस्टॉर्शन आणि वाह पेडल (आवाज खरखरीत करणारी आणि वळवणारी उपकरणं) लावलेला तो बास पहिल्यांदा ऐकणाऱ्याला गिटारच वाटतो. हा माणूस संगीत रीतसर शिकलेला होता. स्वरांचा मेळ त्याने बाकीच्यांना दाखवला आणि पुढच्या दोन अल्बमांचा चेहराच बदलला. 'राइड द लायटनिंग' (१९८४) सुरू होतो तोच मुळी शांत अकूस्टिक गिटारने. 'मास्टर ऑफ पपेट्स'वरचं (१९८६) 'ओरायन' हे शब्दांशिवायचं वादन तर मी तुम्हाला सगळ्यांत आधी ऐकायला सांगेन. हे दोन्ही अल्बम कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेनबरोबर झालेत, म्हणून ध्वनीचा पोत एकमेकांच्या जवळचा आहे.

२७ सप्टेंबर १९८६ च्या पहाटे स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि क्लिफ गेला. चोवीस वर्षांचा होता. आदल्या रात्रीच्या स्टॉकहोमच्या मैफलीचं रेकॉर्डिंग २०१७ मध्ये निघालेल्या 'मास्टर'च्या बॉक्स सेटमध्ये कॅसेट म्हणून दिलंय. मला ते सलग ऐकवत नाही, पण आहे ही माहिती असावी.

घाटमाथा
माझं मत थोडं वेगळं. डेमोपासून सुरुवात केली तर कच्च्या आवाजाने माणूस कंटाळतो. 'ब्लॅक अल्बम'च्या झळाळीची सवय झालेल्या कानाला तर ते फार पातळ लागेल. आधी 'मास्टर' आठवडाभर ऐका. नुसता हेटफिल्डचा उजवा हात ऐका, इतक्या वेगात सगळे फटके खालच्या दिशेने मारतो तो. मग 'राइड', मग 'किल एम ऑल', आणि तिथून डेमोकडे. उतरणीने गेलात तर प्रत्येक पायरीवर काय कमी होतंय ते जाणवेल.

'लोड' आणि 'रीलोड' या 'ब्लॅक'नंतरच्या अल्बमांतली निवडक गाणी पुरेत. 'सेंट अँगर'मध्ये (२००३) गिटारचे सोलो नाहीत आणि स्नेअरचा (ड्रम संचातल्या मुख्य छोट्या ड्रमचा) आवाज डब्यासारखा आहे. तालवाद्यवाले म्हणून तुम्हाला तो फार खुपेल, शेवटी ठेवा. 'डेथ मॅग्नेटिक'ची (२००८) रचना उत्तम, पण सीडीचा आवाज इतका चढवलाय की कान थकतात. लहान लहान तुकड्यांत ऐका.

कोयनाकाठ
मनापासून आभार. 'मेकॅनिक्स' आणि 'हॉर्समेन' लागोपाठ ऐकले. डेमोत ड्रम अधीर आहे, सम गाठायची घाई झालेली. अल्बमवर मधल्या भागात लय अर्ध्यावर आल्यासारखी होते आणि परत मूळ रिफ आली की तिचं वजन दुप्पट वाटतं. हे एकट्या अल्बमवरून माझ्या लक्षात आलं नसतं. 'ब्लॅक'चेही असे डेमो आहेत का? आणि 'जस्टिस'बद्दल कोणीच बोललं नाही.

मंद्रसप्तक
'अँड जस्टिस फॉर ऑल' (१९८८) माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तबलावाल्याने तर ऐकलाच पाहिजे. लांबलचक गाणी, सतत बदलणारे मात्रांचे हिशोब. त्रुटी एकच, पण मोठी: क्लिफच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. बास खाली घ्यायला बँडनेच लावलं, हे मिक्स करणाऱ्या स्टीव थॉम्प्सनने पुढे मुलाखतींत सांगितलंय. नव्या सहकाऱ्यावर तो अन्याय होता असं माझं ठाम मत आहे. उपाय असा: १९९३ च्या 'बिंज अँड पर्ज' या संचातली १९८९ ची सिअ‍ॅटलची मैफल पाहा. तीच गाणी, आणि न्यूस्टेड व्यवस्थित ऐकू येतो.

दुगुन
हो, 'ब्लॅक'चे डेमो २०२१ च्या बॉक्समध्ये आहेत, आणि तुम्हाला सगळ्यांत जास्त उपयोग त्यांचा होईल, कारण तयार अल्बम तुमच्या कानात आधीच आहे.

'एंटर सँडमन'चंच बघा. रिफ कर्कला सुचली. लार्सने सुचवलं की तिचा पहिला भाग तीनदा वाजवावा आणि शेपूट एकदाच. तीनदा ऐकून कान चौथ्याची वाट पाहतो आणि तिथेच शेपूट येतं. तुमच्या तिहाईच्या (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येण्याच्या) सवयीला हे लगेच पटेल. डेमोत हा सांगाडा उभा आहे, शब्द मात्र नंतर आले. आधीचे शब्द पाळण्यात दगावणाऱ्या बाळाबद्दलचे, फार अंधारे होते. निर्माता बॉब रॉकने ते बदलायला लावले. त्याने बँडला स्टुडिओत एकत्र वाजवायलाही लावलं. आधी प्रत्येकाचा भाग वेगवेगळा रेकॉर्ड होई. ऑक्टोबर १९९० ते जून १९९१ इतका वेळ लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत गेला. 'किल एम ऑल' तीन आठवड्यांच्या आत उरकला होता, हे शेजारी ठेवून पाहा.

बॉक्स सेट मात्र विकत घेऊ नका. त्यांतला बराच ऐवज स्ट्रीमिंगवर मिळतो. 'डीलक्स' किंवा 'रीमास्टर्ड' असं लिहिलेली आवृत्ती शोधा. 'जेम्सच्या रिफ टेप' अशा नावाचे तुकडे आधी ऐका, कुठे कुठे अर्ध्या मिनिटात पुढच्या गाण्याचं बी सापडतं.

सीमाभाग
१९८७ चं 'गॅरेज डेज री-रिव्हिजिटेड' राहिलं की! इतर बँडची पाच गाणी, न्यूस्टेडचं मेटॅलिकाबरोबरचं पहिलं रेकॉर्डिंग, आणि इथे त्याचा बास छान मोठा आहे. 'जस्टिस'च्या आधी ऐकलंत तर मंद्रसप्तक का हळहळतात ते समजेल. आम्ही बेळगावहून बंगळूरला गेलो होतो, ऑक्टोबर २०११ च्या पॅलेस ग्राउंड्सच्या मैफलीला. सगळं मैदान 'सीक अँड डिस्ट्रॉय' एका आवाजात म्हणत होतं. १९८२ च्या टेपमधलं गाणं आहे हे. डेमोत ते नक्की शोधा.

कोयनाकाठ
ठरलं. घाटमाथांचं ऐकून आधी 'मास्टर', मग उतरत डेमोपर्यंत, आणि परत वर येताना 'गॅरेज डेज', 'जस्टिस', 'ब्लॅक'चे डेमो. 'ओरायन' आज रात्रीच लावतो. मात्रांच्या हिशोबात अडलो तर इथेच विचारेन.

मंद्रसप्तक
जरूर विचारा. 'ओरायन' हेडफोन लावूनच ऐका, आणि मधे सगळं थांबून एकटा बास सुरू होतो, तिथून पुढे तालाकडे लक्ष ठेवा. तो भाग सहाच्या चालीत आहे.