बेसबॉलच्या जुन्या डब्यात एक घरी कापलेली चकती निघाली, ठेवू का?

एडिसनची_अनु

मंडळी, बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. मुलगा अकरा वर्षांचा, लिटल लीगमध्ये खेळतो, म्हणून मी उन्हात खुर्ची टाकून बसते एवढाच माझा संबंध.

गेल्या शनिवारी पलीकडच्या गल्लीत एका आजोबांचं घर रिकामं करत होते. तिथून पाच डॉलरला एक खेळ उचलला. झाकणावर ‘ऑल-स्टार बेसबॉल’, कोपऱ्यात कंपनीचं नाव ‘कॅडॅको-एलिस’. आत मैदानाचा पट, फिरता काटा आणि मधे भोक असलेल्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या. मोजल्या, ४३ भरल्या. प्रत्येकीवर एका खेळाडूचं नाव आणि कडेने आकडे. विली मेज आणि हँक आरन ही दोन नावं मुलाने लगेच ओळखली. एका गठ्ठ्याला लावलेलं रबरबँड वितळून वरच्या चकतीला चिकटलंय.

पण ४४वी चकती वेगळीच आहे. तपकिरी पुठ्ठा, कात्रीने वेडावाकडा कापलेला, पेन्सिलीने आखलेले भाग. खेळाडूच्या नावाच्या जागी इंग्रजीत फक्त ‘मी’.

ऑफिसातला एक जण म्हणाला, ती टाकून दे, बाकीचं स्वच्छ करून विक. काय करू? आणि डब्याला तळघराचा कुबट वास येतोय, त्याचंही सांगा.

खडूस_काकडे

दोन डांबरगोळ्या टाकून आठवडाभर बंद ठेवा. वास छूमंतर.

क्लीव्हलंडकर

काकडे, डांबरगोळ्या अजिबात नकोत! कुबट वास एक वेळ जाईल, डांबरगोळीचा पुठ्ठ्यात मुरलेला वास नातवंडांपर्यंत पोचतो. १९९८ साली मी हा उद्योग करून बसलोय. तो डबा आजही उघडला की थेट आजीची पत्र्याची ट्रंक.

अनु, मोठ्या झाकणाच्या टबमध्ये एका वाटीत खाण्याचा सोडा ठेव, शेजारी डबा उघडून ठेव, आणि टब बंद कर. सोडा कागदाला लागू द्यायचा नाही. दोन-तीन आठवडे धीर धर. त्याआधी पटाच्या घडीत आणि डब्याच्या कोपऱ्यांत कसर आहे का ते विजेरी घेऊन बघ. रबरबँड ओढू नकोस, वरचा छापील थर सोलून येईल. पूर्ण वाळलेलं असेल तर नखाने टिचकी मारली की तुकडे पडतात. जे पडत नाही ते राहू दे. फाटलेल्या कोपऱ्यांना सेलोटेप लावायची नाही आणि चकत्या लॅमिनेट तर मुळीच करायच्या नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या डब्यांतले निम्मे कोणीतरी प्रेमाने टेप लावून मारलेले असतात.

आता खेळाविषयी. हा १९४१ सालचा. काढला ईथन ॲलन या माणसाने. तो स्वतः मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये, आउटफिल्डर होता आणि पुढे येल विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. थोरले बुश अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी त्याच्या हाताखाली फर्स्ट बेसला खेळले. ॲलनची युक्ती साधी होती: खेळाडूची आकडेवारी घ्यायची आणि ती वर्तुळात कापून वाटायची. चकती काट्याखाली बसवायची, काटा फिरवायचा, तो थांबेल तो आकडा. १ म्हणजे होमरन (आपला षटकारच समज), ९ म्हणजे वॉक (पिचरच्या चुकीने फुकटात पहिला बेस), १० म्हणजे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक झाले, फलंदाज बाद). होमरनसाठी गाजलेल्या बेब रूथचे ७१४ होमरन, म्हणजे साधारण दर पंधरा पाळ्यांना एक. वर्तुळात २४ अंश झाले. सामान्य फलंदाजाच्या चकतीवर १ चा भाग म्हणजे चाकूची धार. चकती नुसती हातात धरली तरी माणूस कसा खेळत असेल ते दिसतं, म्हणून मला हा खेळ आवडतो.

वर्षाचं म्हणशील तर मेज १९५१ साली मेजर लीगमध्ये आला, आरन १९५४ साली. म्हणजे निदान या दोन चकत्या त्याआधीच्या नाहीत. डबा मात्र जुना असू शकतो, कारण पोरं नव्या चकत्या जुन्याच डब्यात कोंबायची.

काटा तपासून घे. डबा सपाट टेबलावर ठेव, पन्नास वेळा फिरव आणि कुठे थांबतो त्या खुणा कागदावर कर. एकाच बाजूला गर्दी झाली तर तळाचा पुठ्ठा वाकलाय. चार-पाच जाड पुस्तकांखाली ठेव. इस्त्री नको.

विकून श्रीमंत होशील असं काही नाही. हा खेळ अनेक दशकं विकला गेला, डबे भरपूर फिरतात. खरी रक्कम मोजतात ती एकोणिसाव्या शतकातल्या मॅक्लॉक्लिन ब्रदर्स या कंपनीच्या डब्यांना, त्या रंगीत शिळाछापाच्या झाकणांसाठी. आमच्या क्लीव्हलंडच्या चीफ झिमर या कॅचरच्या नावाचा त्यांचा एक खेळ आहे, पटावर त्या काळच्या खेळाडूंचे चेहरे. मी तो लिलावाच्या कॅटलॉगातच पाहिलाय, आणि आमच्या हिच्या सुदैवाने तिथेच राहील. तसं जुनं शोधायचं असेल तर ‘बेस बॉल’ असे दोन शब्द टाकून शोधायचं, तेव्हा तसंच छापत. पण ‘संच पूर्ण’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवू नकोस. एका विक्रेत्याकडून मी शिशाच्या खेळाडूंसकट ‘पूर्ण’ डबा मागवला होता. नऊ बाहुल्या आल्या, त्यातले तीन शिपाई निघाले. एकाच्या खांद्यावर बंदूक!

ती चकती टाकायची नाही. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घे, १ आणि १० किती अंशांचे आहेत ते मोज, आणि इथे लिही.

सहा_बाजूंची_पेन्सिल

काकांशी सहमत, पण एक तक्रार. चकतीच्या खेळात गोलंदाजाला, म्हणजे पिचरला, कोण विचारतो? समोर कोणीही असो, काटा तोच.

शाळेत आम्ही पेन्सिलीच्या सहा बाजूंवर १, २, ३, ४, ६ आणि आउट कोरून बाकावर घरंगळवायचो. गावसकर असो की चंद्रशेखर, पेन्सिल एकच. चंद्राने शतक ठोकलं तेव्हा आमच्यात मारामारी झाली होती. हीच खोड मोडायची म्हणून तिसरा फासा हवा. हॅल रिचमनने १९६१ मध्ये काढलेल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक या कार्डं-फाशांच्या बेसबॉल खेळात तो आहे. पांढऱ्या फाशावर १ ते ३ पडले तर फलंदाजाचं कार्ड बघायचं, ४ ते ६ पडले तर पिचरचं. उरलेल्या दोन फाशांची बेरीज करून त्या रकान्यात उत्तर शोधायचं. म्हणजे निम्मा खेळ पिचरच्या हातात.

तसाच ॲपबा हा खेळही बघा, लँकेस्टर, पेनसिल्व्हेनियाचा, १९५१ पासूनचा. तिथे फाशांची बेरीज करत नाहीत. मोठा फासा दशकाचा, छोटा एककाचा, ११ ते ६६ असे छत्तीस निकाल, सगळ्यांची शक्यता सारखी. संग्राहकाला बरं पडतं, कारण सालवार कार्डं गोळा करता येतात. बायकोला बरं पडतं की नाही, ते काकांना विचारा.

क्लीव्हलंडकर

पिचरचं म्हणणं मान्य. पण सात वर्षांच्या नातीला मी रकाने वाचायला लावत नाही. काटा फिरवला की ती किंचाळते, मला तेवढं पुरतं.

बायकोचं म्हणशील तर तळघरातली दोन कपाटं माझी आणि बाकीचं घर तिचं, असा आमचा तह झालाय.

एडिसनची_अनु

काका, मोजलं. १ चा भाग ७० अंशांचा! मुलगा म्हणाला, “आई, हा बेब रूथच्या तिप्पट आहे, साफ चीटिंग.” मग त्याने १० मोजला, तो ५० अंश भरला. म्हणजे दर सात पाळ्यांत एकदा स्ट्राइकआउटही स्वतःच्या नावावर लिहून घेतलाय ती चकती कापणाऱ्या पोराने. एका जागी आधी १० चा भाग लहान आखलेला दिसतो, तो खोडून मोठा केलाय. खोडरबराने पुठ्ठा तिथे खरवडलाय.

विकत नाही आता. मुलाने कालच त्याचा स्वतःचा कागद कापायला घेतला. मी विचारलं, तू किती स्ट्राइकआउट घेणार? तो अजून ठरवतोय.

हो, चकती उलटून पाहायची राहिलीच होती. मागे अर्धा वाघ आहे. नारिंगी कान, गळ्यात लाल रुमाल. नाश्त्याच्या फ्रॉस्टेड फ्लेक्सचा डबा!