नाव लिहायला लावाल तर तक्रारच येणार नाही

महालवाला:
काल एकानं लिहिलं, "कॉलनीच्या तक्रारपेटीत बिनसहीची चिठ्ठी आली तर फाडून टाका. दम नसेल त्यानं गप्प बसावं." हे वाचल्यापासून संताप होऊन राहिला आहे.

सही कोण करतो? ज्याचा स्वतःचा फ्लॅट आहे तो. आमच्या मागच्या इमारतीत नर्सिंगच्या पोरी भाड्यानं राहतात. घरमालक रात्री-बेरात्री दार वाजवतो. हे त्या नावानिशी लिहितील? दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर येईल. इंजिनिअर सत्येंद्र दुबे आठवतात ना? महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली. नाव फुटलं. नोव्हेंबर २००३ मध्ये बिहारमधल्या गयेत गोळ्या घातल्या त्यांना.

धरमपेठकर:
दुबेंचं उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. त्यांनी नाव दिलं होतं! त्यानंतर २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करायची सोय झाली. निनावी तक्रार तिथंही घेत नाहीत.

आता माझं ऐका. बहिणीचं लग्न जमलं होतं. मुलाकडे बिनसहीचं पत्र गेलं, सगळं खोटं. लग्न मोडलं. ज्यानं लिहिलं तो आमच्याच गल्लीतला असणार, कदाचित आजही नमस्कार करत असेल. आई मरेपर्यंत प्रत्येकाकडे संशयानं पाहत होती. मला निनावीपणाचं कौतुक सांगू नका.

सक्करदरा_ताई:
भाऊ, वाईट झालं. पण ती तक्रार नव्हती, बदनामी होती. दोन्ही एकाच मापानं कशी मोजता? आणि आपण तर नागपूरचे, मारबतीच्या गावचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत आणि बडग्या, दोन्ही पुतळे मिरवून जाळतो. बडग्यावर नेत्याला काय काय लिहितात, कोणी सही करते का?

इतवारीकर:
ताई, काहीही काय? बडग्या मंडळाचा असतो, बोर्डावर मंडळाचं नाव असते. पोलिसांना माहीत असते कोणाचा आहे ते. काळी मारबत १८८१ पासून निघते, दीडशे वर्षं होत आली, कोणी तोंड लपवून काढली नाही.

सक्करदरा_ताई:
मंडळाचं नाव म्हणजे माणसाचं नाव नाही. "घेऊन जा गे मारबत" हजार लोक एकदम ओरडतात, त्यातला एक कोण पकडणार? म्हणूनच बोलता येते.

इतवारीकर:
पण घरच्या बाईचं नाव घेऊन कोणी ओरडत नाही. जागनाथ बुधवारीतली पिवळी मारबत १८८५ ची, आजोबांपासून आमचं घर त्या मिरवणुकीत आहे. भ्रष्टाचार, महागाई, रोगराई घेऊन जा म्हणतात. शेजारणीला घेऊन जा म्हणत नाहीत. मारबतीला या चिठ्ठ्यांत ओढू नका, डोकं फिरते.

नाग_नदीकाठ:
मारबत राहू द्या. आमच्या गल्लीत सिमेंट रोड घरापेक्षा उंच झाला, सप्टेंबर २०२३ च्या पुरात पलंग बुडाला. मी सही करून, फोटो लावून अर्ज दिले. उत्तर नाही! सही करून काय मिळालं सांगा.

धरमपेठकर:
तुमच्या रस्त्याचा इथं काय संबंध?

महालवाला:
आहे संबंध. ज्यांना ऐकायचंच नाही, ते आधी सही मागतात. आणि सभ्यपणा नावानं येतो हेही खरं नाही. आमच्या मीटिंगमध्ये सर्वांत घाण शिव्या देणारा माणूस नावानिशी, पहिल्या खुर्चीवर बसून देतो. वॉचमनला "ए" म्हणतो. त्याला कोणीच टोकत नाही.

इतवारीकरांचं मात्र पटलं. गोष्टीबद्दल बोला, घरच्या बाईबद्दल नको.

धरमपेठकर:
भाडेकरूंसाठी पेटी ठेवा, माझी हरकत काढतो. आनंदानं नाही काढत. पण चिठ्ठीत कोणाच्या चारित्र्यावर एक शब्द असला तर ती वाचून दाखवायची नाही, बोर्डावर लावायची नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकायचा नाही. हे लेखी पाहिजे मला.

सक्करदरा_ताई:
मान्य. पण घरमालकाच्या त्रासाची चिठ्ठी याच नियमात दाबू नका. तो आरोपही माणसावरच असतो.

महालवाला:
म्हणूनच विचारतो, पेटीची किल्ली कोणाकडे राहील? सध्या अध्यक्षांकडे आहे, आणि त्यांचे स्वतःचे तीन फ्लॅट भाड्यानं दिलेले आहेत. माझं म्हणणं, एक किल्ली भाडेकरूंपैकी एखाद्या बाईकडे द्या आणि दोघांनी मिळून पेटी उघडा. रविवारच्या मीटिंगमध्ये आधी हे ठरवा, सहीचं नंतर बघू.